मॉनिटरचं तोंड

१९९९ साली तालुक्याच्या एका न्यायालयात मी दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, म्हणून रुजू झाले. डायसवर माझ्यासाठी दोन पेनं, टाचण्यांची डबी, काचेखाली कॅलेंडर आणि फुलस्केप कागदांचा गठ्ठा ठेवलेला होता. हातोडा नव्हता, तो सिनेमावाल्यांचा. स्टेनोही नव्हता. साक्ष मीच लिहायची, हाताने, साक्षीदार बोलेल त्या वेगाने.

आठ वर्षं वकिली केली होती, एमपीएससीची परीक्षा दिली होती, तरी न्यायाधीशाचा दिवस लिहिण्यात किती जातो याची मला कल्पना नव्हती. सकाळी बोर्डावरची प्रकरणं पुकारून तारखा देऊन झाल्या की अकरा-साडेअकराला पहिला साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहायचा आणि संध्याकाळपर्यंत माझ्या मधल्या बोटाला घट्टा पडलेला असायचा. तो घट्टा अजून आहे.

त्या काळातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे. मारहाणीच्या खटल्यातला फिर्यादी म्हणाला होता, "मंग त्यो पळत आला न्‌ हाणलं की ओ डोस्क्यात." माझ्या कागदावर उतरलं: 'त्यानंतर आरोपी धावत आला व त्याने माझ्या डोक्यावर मारले.' यात खोटं काही नाही. कायद्यालाही हेच हवं होतं. साक्ष सामान्यतः प्रश्नोत्तरांत नाही, सलग निवेदनाच्या रूपात लिहावी, आणि लिहून झाल्यावर साक्षीदाराला वाचून दाखवावी. आम्ही खाली लिहायचो, 'वाचून दाखविले, बरोबर आहे.' साक्षीदार सही किंवा अंगठा करायचा. मी वाचून दाखवायचे ते खरं तर गडबडीत, पुढचं प्रकरण डोळ्यांसमोर ठेवून. तो मान डोलवायचा. मॅडम वाचतायत म्हणजे बरोबरच असणार. 'डोस्क्या'चं डोकं झालं, हे त्याला ऐकूही जात नसावं.

जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी, ही शासनाची अधिसूचना १९९८ च्या जुलैमधली, म्हणजे मी यायच्या वर्षभर आधीची. त्यामुळे मी लिहीत होते ते मराठीच होतं. फक्त ते माझं मराठी होतं.

२००२ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती झाली आणि दाव्यातली सरतपासणी, म्हणजे साक्षीदाराची आपल्या बाजूने दिलेली पहिली साक्ष, प्रतिज्ञापत्रावर घ्यायला सुरुवात झाली. वेळ वाचला, माझं बोट वाचलं. पण ती प्रतिज्ञापत्रं वकिलांच्या ऑफिसात टाइप व्हायची आणि त्याच सुमारास वकिलांकडे संगणक आले होते. परिणाम असा, की दावाअर्जातला मजकूर जसाच्या तसा उचलून प्रतिज्ञापत्रात यायचा. एका विधवा बाईंच्या सरतपासणीत मी स्वतः वाचलंय: 'मी व माझी पत्नी सदर मिळकतीत राहतो.' आधीच्या कुठल्यातरी पक्षकाराची पत्नी तिथे राहून गेली होती. बाईंना विचारलं, हे तुमचं म्हणणं का? "वकीलसाहेबांनी लिवलंय ते बरोबरच हाय."

न्यायालयातलं यंत्र कसं आलं ते सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने २००५ मध्ये राष्ट्रीय धोरण आखलं, ई-कोर्ट प्रकल्पाचा पहिला टप्पा २००७ चा. आमच्यापर्यंत तो पोचेस्तोवर आणखी काही पावसाळे गेले. आधी माणसं येऊन भिंतीला वायरी ठोकून गेली. मग कधीतरी खोकी आली आणि ती नाझरांच्या, म्हणजे कार्यालयीन व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, खोलीत बरेच दिवस बंदच राहिली, कारण ज्या खोलीत सर्व्हर बसवायचा तिथे जुन्या फायली होत्या आणि त्या फायली ठेवायला दुसरी खोली नव्हती. अखेर खोली मोकळी झाली, सर्व्हर बसला आणि त्याच्यासाठी एसी बसला. साऱ्या इमारतीत तेवढाच एक एसी. मे महिन्यात कर्मचाऱ्यांना सर्व्हर रूममध्ये फार कामं निघायची.

न्यायाधीशांना लॅपटॉप मिळाले. पुढे त्यात उबुंटू ही वेगळी कार्यप्रणाली आली आणि आम्ही पन्नाशीकडे झुकलेली माणसं प्रशिक्षणाला बसून पुन्हा पहिल्यापासून फाइल कुठे जाते ते शिकलो. मला ते तसं जमलं. खरी पंचाईत स्टेनोंची झाली. त्यांची बोटं टाइपरायटरच्या रेमिंग्टन कळफलकावर वीस वर्षं घडलेली. जुने फाँट एका जातीचे, नवं युनिकोड दुसऱ्या जातीचं, एका संगणकावरचं निकालपत्र दुसऱ्यावर उघडलं की नुसती चित्रलिपी. माझ्या तेव्हाच्या स्टेनो बाई मिनिटाला किती शब्द काढायच्या ते त्यांच्या प्रमाणपत्रावर होतं, पण इनस्क्रिप्टवर, म्हणजे युनिकोडच्या नव्या कळफलकावर, पहिल्या आठवड्यात एका परिच्छेदाला त्यांना अर्धा तास लागला. त्या टेबलावरच रडल्या. मी त्या दिवशीचं बाकीचं डिक्टेशन दिलंच नाही.

मग नोंदी. सीआयएस, म्हणजे केस इन्फर्मेशन सिस्टिम, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुण्यातल्या मंडळींनी तयार केलेली प्रणाली. तिच्यात न्यायालयातलं एकूण एक प्रकरण चढवायचं होतं. त्यासाठी आधी प्रत्येक फाइल हातात घ्यावी लागली, आणि कुणीतरी खरोखरच प्रत्येक फाइल हातात घेण्याची ती अनेक वर्षांतली पहिलीच वेळ असावी. कपाटांच्या मागे पडलेले गठ्ठे निघाले. एका दाव्यात निकाल होऊन हुकूमनामासुद्धा निघालेला होता आणि रजिस्टरला तो 'प्रलंबित' म्हणून बसलेला होता. उलट एक दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, रजिस्टरला जिवंत, फाइलच नाही. शिरस्तेदारांनी, म्हणजे कार्यालयाच्या मुख्य लिपिकांनी, तीन दिवस शोधली. ती सापडली वरच्या न्यायालयाकडून परत आलेल्या एका अपिलाच्या पोटात, दोऱ्याने शिवलेली.

नावांचा घोळ वेगळाच. प्रणालीत पक्षकाराचं नाव रोमनमध्येही भरायचं होतं. चौधरी हे आडनाव आमच्या तीन लिपिकांनी तीन तऱ्हांनी लिहिलं. मग पक्षकार खिडकीशी येऊन विचारायचा, संगणक म्हणायचा असं प्रकरणच नाही, आणि लिपिक म्हणायचा, "तुम्ही नक्की इथलेच का?" सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक आल्यावर ही भानगड मिटली: दोन अक्षरं राज्याची, दोन जिल्ह्याची, मग न्यायालयाचे दोन आकडे, सहा आकडी अनुक्रमांक आणि शेवटी साल. माणसाच्या नावापेक्षा तो क्रमांक भरवशाचा. एका म्हाताऱ्या वादीने तो बॉलपेनाने आधार कार्डाच्या पाकिटावर लिहून घेतला होता.

याच काळातली एक चूक माझी आहे आणि ती मी प्रत्येक प्रशिक्षणात नवीन न्यायाधीशांना सांगत आले. २०११ चा उन्हाळा. जामिनाचे आदेश मी लॅपटॉपवर ठेवलेल्या एका नमुन्यावरून करायचे. शीर्षक बदलायचं, गुन्ह्याची कलमं बदलायची, शेवटच्या परिच्छेदात आरोपीचं नाव बदलायचं. त्या संध्याकाळी मी शीर्षकातलं नाव बदललं आणि शेवटचं बदलायला विसरले. आदेश गेला, जातमुचलका झाला, कारागृहात कागद पोचला. तिथल्या अधिकाऱ्याने दोन नावं पाहिली आणि कागद परत पाठवला. त्याचं काही चुकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वकील दुरुस्तीचा अर्ज घेऊन उभे राहिले तेव्हा मला कळलं. मी एका माणसाला एक रात्र जास्त आत ठेवलं होतं. हाताने लिहिताना मी असंख्य चुका केल्या, पण दुसऱ्याच माणसाचं नाव कधी लिहिलं नव्हतं. हाताला ते नाव प्रत्येक वेळी नव्याने काढावं लागतं.

(२०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जामीन आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृह अधीक्षकांना पाठवावी आणि जामिनाची तारीख कारागृहांच्या ई-प्रिझन्स या संगणक प्रणालीत नोंदवली जावी. फार चांगलं झालं. आता चुकीचं नावही त्याच दिवशी पोचेल, पण दुरुस्तीही.)

वरिष्ठ स्तर झाल्यावर माझी बदली जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. इथे स्टेनो होता, संगणक होता आणि त्याच संगणकाला जोडलेला एक जास्तीचा मॉनिटर माझ्या डायसवर होता. मी डिक्टेट करायचे, स्टेनो टाइप करायचा, अक्षरं मला दिसत राहायची. ही सोय न्यायाधीशासाठी होती, दुसऱ्या कुणाच्या मनात काही नव्हतं. माझ्याही नव्हतं.

न्यायदालनाची खिडकी पश्चिमेला होती. तीननंतर ऊन थेट पडद्यावर यायचं आणि काही दिसायचं नाही. आमच्या शिपायाने एक दिवस न विचारता मॉनिटर तिरका केला. मला जरा मान वळवून पाहावं लागे, पण दिसायचं. त्या कोनात तो पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसालाही दिसायला लागला.

२०१६ ची गोष्ट. वाटपाचा दावा. धाकटा भाऊ वादी, थोरला प्रतिवादी, आणि आई प्रतिवादी क्रमांक ३. थोरल्याचं म्हणणं, वीस वर्षांपूर्वीच तोंडी वाटणी झालीय. धाकट्याचं म्हणणं, वाटणी कधी झालेलीच नाही. आई थोरल्याकडे राहायची, तिची उलटतपासणी धाकट्याचे वकील घेत होते. सत्तरीच्या पलीकडची बाई, चौथीपर्यंत शिकलेली, नाकावर दोऱ्याने बांधलेला चष्मा. बसायला खुर्ची देऊ का विचारलं तर म्हणाली, उभीच बरी.

वकिलांनी विचारलं, "जमिनीची वाटणी कधीच झाली नाही, हे खरं आहे ना?"

बाई म्हणाली, "वाटणी कशी व्हायची? मी आहे अजून."

सतरा वर्षांच्या सवयीने मी स्टेनोकडे वळून सांगितलं: "जमिनीची वाटणी झालेली नाही, हे म्हणणे खरे आहे." तो टाइप करू लागला. वकील पुढच्या प्रश्नाकडे वळले. बाई मात्र पिंजऱ्याच्या कठड्यावरून पुढे वाकली होती. तिने बोट पुढे केलं आणि हवेतच, पडद्यावरच्या ओळीखालून फिरवत एकेक शब्द ओठांत वाचला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "मी असं नाही म्हणाले."

"मग काय म्हणालात आजी?"

"मी म्हणाले, मी आहे अजून."

वादीचे वकील हसून म्हणाले, "मॅडम, अर्थ तोच होतो." थोरल्याचे वकील उठून उभे राहिले: अर्थ तो अजिबात होत नाही, साक्षीदाराने वाटणी नाकारलेलीच नाही. मग वीसेक मिनिटं त्या तीन शब्दांवरून दोघांचं जुंपलं. मी दिवाणी संहितेच्या आदेश १८ नियम १० चा आधार घेतला. एखादा विशिष्ट प्रश्न आणि त्याचं उत्तर आहे तसं नोंदवायची मुभा तो देतो. माझं वाक्य खोडायला लावलं. पडद्यावर आलं: 'प्रश्न: ... उत्तर: वाटणी कशी व्हायची? मी आहे अजून.' बाईने पुन्हा बोट फिरवून वाचलं आणि मान डोलवली. ही मान मला आधीच्या सतरा वर्षांतल्या मानांसारखी वाटली नाही.

त्या उत्तराने दाव्याचं काम सोपं झालं असं मी म्हणणार नाही. अवघडच झालं. 'वाटणी झालेली नाही, हे खरे' या वाक्यावर एक मुद्दा निकाली काढता आला असता. 'मी आहे अजून' या वाक्यावर काय काढणार? पण ती बोलली होती ते तेच होतं, आणि ते न खोडता अपील झालं असतं तर वरच्या न्यायाधीशाला माझं वाक्य वाचायला मिळालं असतं, तिचं नाही. माझ्या मनात आलं की आजवर मी किती जणांचं 'मी आहे अजून' खाऊन टाकलं असेल. मोजायची सोय नाही.

तेव्हापासून मी जिथे गेले तिथे मॉनिटरचं तोंड पिंजऱ्याकडे करून घेतलं. प्रत्येक ठिकाणी वायर कमी पडायची. काही वकिलांना आवडलं नाही, त्यात तथ्यही आहे: साक्षीदार पडद्याकडे पाहून उत्तर घडवू लागतो, मागचं वाचून पुढचं जुळवतो. एका इस्टेट एजंटाने ते इतक्या सराईतपणे केलं की मी मध्येच पडदा बंद करवला. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तर त्याचा उपयोगच नाही, त्यांच्यासाठी मी सावकाश वाचून दाखवू लागले, एवढाच काय तो माझ्यात फरक.

नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिड, म्हणजे देशभरातल्या न्यायालयांच्या प्रकरणांची ऑनलाइन आकडेवारी, २०१५ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली होती. कुठल्या न्यायालयात किती प्रकरणं, किती वर्षांची, हे आता कुणालाही घरबसल्या दिसतं. आधी आमची आकडेवारी महिन्याच्या तक्त्यात भरून जिल्हा न्यायालयाकडे जायची आणि तक्ता भरणाऱ्या लिपिकाच्या हातात बरंच काही असायचं. ते थांबलं. तारीख न पडलेली प्रकरणं वेगळी दिसू लागली आणि तशी दिसली की वरून फोन यायचा. याचा फायदा झाला हे मी मान्य करते. गैरसोयही सांगते. एकदा एक पक्षकार हात जोडून उभा राहिला, मी फाइल चाळत होते, काय करावं ठरलं नव्हतं, तेवढ्यात तो मोबाइल पाहून म्हणाला, "मॅडम, सतरा तारीख ना?" बेंच क्लार्कने सवयीने ती आधीच भरून ठेवली होती. दालनात हशा पिकला. मी अठरा दिली. काही कारण नव्हतं.

पुढे जुन्या प्रकरणांना उशिराचं कारणही भरायचं आलं. पडद्यावर यादी उघडते, त्यातलं एक निवडायचं: स्थगिती आहे, साक्षीदार येत नाही, वकील हजर नाहीत, अशा धर्तीचं. त्या वाटपाच्या दाव्यासमोर मी बराच वेळ बसून राहिले. आजींच्या साक्षीनंतर दोन्ही भावांचे वकील तारखा मागू लागले होते. कधी हा आजारी, कधी तो लग्नाला. दोघांचा विरोध नसायचा. मला हळूहळू उमगलं होतं की आई जिवंत असेपर्यंत दोघांनाही निकाल नको आहे. दावा मागे घ्यायचा नाही, कारण मग जमीन जाईल. चालवायचाही नाही, कारण ती उभी आहे. यादीत हे कारण नव्हतं. मी जवळपासचं काहीतरी निवडलं. २०१९ ला मला जिल्हा न्यायाधीश म्हणून बढती मिळाली आणि तो दावा मागे राहिला. निघताना त्याचा सीएनआर क्रमांक मी डायरीत का उतरवून घेतला, ते मला नीट सांगता येणार नाही.

सत्र न्यायालयात आल्यावर वर्षभरात करोना आला. ६ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या न्यायालयांना व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने काम चालवण्याबाबत निर्देश दिले. जे आम्ही पाच वर्षांत करणार होतो ते पाच आठवड्यांत झालं, अर्थात रडतखडत. वास्तविक हे कायद्याला नवं नव्हतं. २००३ मध्येच, महाराष्ट्रातून गेलेल्या डॉ. प्रफुल्ल देसाई प्रकरणात, व्हिडिओ कॉन्फरन्सवरची साक्ष ही आरोपीच्या 'उपस्थितीत' घेतलेलीच साक्ष असा निर्वाळा झाला होता. आरोपीला पडद्यावर पाहून कोठडी वाढवायची सोयही केंद्रीय कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आली होती. सोय होती, सवय नव्हती.

डॉक्टरांच्या साक्षी या पद्धतीने फार छान झाल्या. शवविच्छेदन करणारा डॉक्टर बदलीवर कुठल्याकुठे गेलेला असतो. त्याला एका तासाच्या साक्षीसाठी दोन दिवस रुग्णालय सोडून यावं लागे, आणि तो आला की नेमके आरोपीचे वकील नसत. आता तो त्याच्या जागी बसून साक्ष देतो आणि अर्ध्या तासात पुन्हा पेशंट पाहतो. या एका गोष्टीसाठी मी सगळ्या वायरींना माफ केलं.

कच्च्या कैद्यांचं तसं नाही. मला ते लक्षात यायला तीन तारखा लागल्या, हे कबूल करते. दालनाच्या मागच्या बाकावर एक गृहस्थ दर तारखेला यायचे, खांद्याला कापडी पिशवी, डोक्याला टोपी. प्रकरण पुकारलं की उभे राहायचे, भिंतीवरच्या पडद्यावर कारागृहातली खोली दिसायची, त्यात त्यांचा मुलगा, मी पुढची तारीख सांगायचे, पडदा दुसऱ्या प्रकरणाकडे जायचा. सारं दीड मिनिटात. गृहस्थ मग बसायचे आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसूनच राहायचे. शेवटी शिपायाला विचारायला लावलं. ते म्हणाले, आधी पोरगा तारखेला यायचा तेव्हा व्हरांड्यात दोन शब्द बोलायला मिळायचं, पार्टीतले पोलीसही फार आडवे यायचे नाहीत. आता पडद्यावर त्याला आपण दिसत नाही. कॅमेरा डायसच्या बाजूला होता, बाकाकडे नव्हता.

मी आरोपीला प्रत्यक्ष हजर करण्याचा आदेश दिला. पुढच्या तारखेला अहवाल आला: बंदोबस्तामुळे पोलीस पार्टी उपलब्ध नाही. पुन्हा आदेश, पुन्हा तोच अहवाल, फक्त तारीख बदललेली. तिसऱ्या वेळी आणलं. नेमके त्या दिवशी गृहस्थ आले नव्हते.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दल एक पूर्ण लेख होईल. असा पुरावा कसा सिद्ध करायचा ते सांगणारं कलम ६५ब पुरावा कायद्यात २००० साली आलं. त्याचं प्रमाणपत्र लागतं की नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाने आधी एक, मग २०१४ मध्ये दुसरं, मग २०१८ मध्ये तिसरं सांगितलं आणि अखेर जुलै २०२० मध्ये आमच्याच राज्यातल्या जालन्याच्या निवडणूक वादात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात, हा प्रश्न मिटवला: मूळ उपकरणच हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या साक्ष अधिनियमात ते कलम ६३ झालं, प्रमाणपत्राचे दोन भाग झाले, हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला का ते सांगणारा तिचा आकडी ठसा, आली. हे सगळं मी वाचलं, त्यावर भाषणं दिली.

आणि मग माझ्यासमोर एक पेन ड्राइव्ह आला. दुकानातल्या सीसीटीव्हीचं चित्रीकरण, खुनाच्या प्रयत्नाचा खटला, प्रमाणपत्र अगदी नमुनेदार. मुद्देमालाचं पाकीट सर्वांसमक्ष उघडलं. आत पेन ड्राइव्ह, आणि जप्तीच्या वेळी हवालदाराने शंभर वर्षांच्या परंपरेला धरून त्यावर लाख ओतून थेट सील केलेलं. टोपण नव्हतं. लाख बरोबर धातूच्या तोंडात भरली होती. तो संगणकात जाईना. शिरस्तेदारांनी टाचणी उचलली, तेव्हा माझ्या तोंडून 'थांबा' असं जोरात निघालं, कारण ते टोक लागून काही बिघडलं असतं तर बचाव पक्षाने उरलेली पाच वर्षं त्यावरच काढली असती. रोजनाम्यात सविस्तर नोंद केली, दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या, आणि तो प्रयोगशाळेकडे पाठवला. चित्रीकरण शाबूत होतं. खटला मात्र तेवढे महिने लाख वितळायची वाट पाहत थांबला.

शेवटच्या वर्षात आवाजावरून टाइप होण्याची सोय मी चेंबरमध्ये करून पाहिली. माझं डिक्टेशन तिने झकास घेतलं. 'सरतपासणी', 'फेरतपासणी', 'मुचलका', सगळं बिनचूक. मग गंमत म्हणून मी तिला ते जुनं वाक्य ऐकवलं, पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या फिर्यादीच्या लकबीत. तिने माझ्यासमोर जे ठेवलं त्याचा कुठल्याच भाषेत अर्थ लागत नव्हता. मला थोडं बरं वाटलं आणि थोडी लाजही वाटली, कारण तिला 'धावत आला व मारले' हेच समजत होतं, आणि तसंच लिहून ठेवणारी माझ्यासारखी माणसं तिच्या आधी खूप होऊन गेली.

नोव्हेंबर २०२४ अखेर मी निवृत्त झाले. त्या संध्याकाळी माझं लॉगिन बंद झालं. मोबाइलवरचं न्यायाधीशांचं ॲप उघडेना. उरलं ते सगळ्यांसाठी असलेलं ई-कोर्टचं ॲप, पक्षकारांचं.

गेल्या महिन्यात डायरी आवरताना तो क्रमांक सापडला. सोळा अक्षरं टाकली, चित्रातली अक्षरं ओळखून भरली, दोनदा चुकली. तिसऱ्यांदा उघडलं. वाटपाचा दावा: निकाली. प्रकार: तडजोड. कोण जिंकलं, वीस वर्षांपूर्वीची वाटणी झाली होती की नव्हती, याचं उत्तर कुणालाच द्यावं लागलं नव्हतं.

मी तारखांची यादी खाली खाली सरकवत गेले. माझ्या नंतरच्या पाच-सहा वर्षांत पानभर तारखा, बहुतेक एकाच ओळीच्या: उभयतांचा अर्ज, मंजूर. मग शेवटून दुसऱ्या तारखेचं कामकाज उघडलं. 'प्रतिवादी क्र. ३ मयत झाल्याची पुरसिस दाखल. वारस आधीच रेकॉर्डवर.' त्याच्या पुढच्या तारखेला तडजोड.